मागच्या दाराची कडी

शनिवारी सकाळी निकेश रात्रपाळी करून आला, अंगावर दोन तांबे पाणी घेतलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. डब्यातल्या उरलेल्या वालाच्या आमटीला वास सुटेल म्हणून सुरभीने त्याची बॅग उघडली, तर डब्याखाली वही. शाळेतल्या पोरांची असते तशी, दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. कंपनीची असेल म्हणून ती परत ठेवणार होती. पण कंपनीच्या वहीला कव्हर कोण घालतं? आणि तेही निकेश? लाइटबिलसुद्धा फ्रिजवर उघडं टाकणारा माणूस तो.

तिने एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं आणि मधलंच पान उघडलं.

‘ती रात्री तीनदा उठते. मागच्या दाराची कडी बघते. पहिल्या दोन वेळा लागलेली असू दे. तिसऱ्या वेळी निघालेली.’

त्याखाली पेन बदलून लिहिलेलं. ‘पैंजण वाजत राहू दे. सवय होऊ दे. मग एकदम बंद.’

‘कडी कोणी काढली हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. तिला स्वतःचाच संशय आला पाहिजे.’

‘फुरकानला चिठ्ठी दिली की तो बाकीच्यांना फिरवेल.’

आणि पानाच्या तळाला, खाली दोन रेघा मारून, ‘रविवारी संपवायचं. मूल घरातून जातं.’

रात्री तीनदा उठून मागच्या दाराची कडी बघणारी बाई रोह्यात सुरभीच्या माहितीत एकच होती, आणि ती आत्ता ओट्याला टेकून हे वाचत होती. तिच्या पायाशी चौदा महिन्यांची पिंकी वाटी आपटत होती. पायात पैंजण. आजीने घातलेले.

सुरभीने वही जशी होती तशी ठेवली. डबा घासला. मग पुन्हा घासला.

गोष्ट दिवाळीनंतरची. पिंकी तेव्हा रांगायची. एके दिवशी पहाटे सुरभीला जाग आली ती थंड वाऱ्याने. पाळण्याशेजारच्या गादीवर पोर नव्हती. धावत स्वयंपाकघरात आली तर मागचं दार सताड उघडं आणि पिंकी उंबऱ्यावर बसून बाहेर बघत होती. बाहेर तीन पायऱ्या, आणि तिसरीखाली उघडं गटार. एक हात पुढे टाकला असता की झालं होतं.

निकेश डोळे चोळत आला होता. सगळं ऐकून म्हणाला होता, “रात्री खरकटं टाकायला तूच गेली असशील ना? विसरली असशील.”

खरकटं टाकायला ती गेली होती, हे खरं. कडी लावल्याचंही तिला आठवत होतं. कडीचा गार लोखंडी दांडा, तो सरकवताना अंगठ्याला लागलेला चिमटा, सगळं. पण जे आठवतं ते त्याच रात्रीचं की आदल्या रात्रीचं, हे छातीवर हात ठेवून कोण सांगणार? बी.एस्सी. झालेल्या बाईने निरीक्षण आणि अंदाज यांतला फरक ओळखायला हवा. तिला तो ओळखता येईना. तेव्हापासून ती तीनदा उठायला लागली. गॅस बघायचा, कडी बघायची, पोरीच्या नाकाशी बोट धरायचं. निकेश कूस बदलून म्हणायचा, “काही नाही होत गं. झोप.”

पाच महिन्यांत तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. एकदा दूध उतू गेलं, एकदा लसीची तारीख चुकली. मग खांब गावाहून सासूबाई आल्या. बायजाबाईंचं बोलणं मायेचंच होतं. “थोडे दिस पोर माझ्याकडं राहू दे. तुला पन झोप मिळंल गो. डोकं ठिकाणावर आलं की ने.” निकेश खाली बघत होता. आणि सुरभीनेच हो म्हटलं होतं. ज्या बाईला आपण दार लावलं की नाही हे सांगता येत नाही, तिच्या हाती पोर ठेवायची कशी, असा सवाल तिला स्वतःलाच पडला होता. सोमवारी सासूबाई पुन्हा येऊन पिंकीला घेऊन जाणार होत्या. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

आणि आता ही वही. तिला स्वतःचाच संशय आला पाहिजे. म्हणजे तो आला नव्हता, आणला होता?

रविवारी अकरा वाजता निकेश निघाला. महिन्यातले दोन रविवार तो पेणला जायचा. तिथून पुढे जोह्याला, कॉलेजातल्या रितेशच्या गणपतीच्या कारखान्यात. “बसून खेळायचा खेळ आहे,” एवढंच त्याने कधीतरी सांगितलं होतं. कॅरम असेल, पत्ते असतील, असं तिने धरलं होतं.

“आज लवकर येशील?” तिने विचारलं.

“बघतो. आज शेवट आहे.”

“कशाचा?”

“अगं, खेळाचा,” तो हसला आणि बॅग खांद्याला लावली. वही बॅगेत होती. बॅगेचा आकारच सांगत होता.

अर्ध्या तासाने सुरभीने पिंकीला कडेवर घेतलं, मागच्या दाराची कडी लावली, लावलेल्या कडीचा मोबाइलवर फोटो काढला, आणि शेजारच्या नूरबानो चाचींना हाक मारली. “चाची, पेणला जाऊन येते. घराकडे जरा लक्ष ठेवा.”

“एवढ्या उन्हात? पोरीला घेऊन? काय झालंय काय गो?”

“काही नाही. काम आहे.”

“काम हाय तर तोंड असं का?” चाचींनी पिंकीच्या डोक्यावर स्वतःची ओढणी टाकली. “जा. पन पोचल्यावर फोन कर.”

गाडीत ती खिडकीशी बसली. नागोठणं गेलं, कासू गेलं. फुरकान कोण हे तिला माहीत होतं. मस्कतला असतो, सुट्टीवर आलाय, तिच्या लग्नात सगळ्यात जास्त नाचला होता. तो कोणाला फिरवणार होता? कशासाठी? तिने मनात चार-पाच गोष्टी रचल्या आणि प्रत्येक गोष्टीत शेवटी पिंकी खांबला होती आणि ती स्वतः कुठल्यातरी डॉक्टरसमोर बसली होती.

पेण स्टेशनबाहेर मिनीडोर रिक्षा भरत होती. जोह्याला उतरल्यावर रितेशचा कारखाना कोणीही दाखवला असता. पत्र्याची लांब शेड, बाहेर वाळत टाकलेले साचे. आत रविवारची सुट्टी. मांडीएवढ्यापासून पुरुषभर उंचीपर्यंतचे गणपती रांगेने उभे, पांढरेफटक, आणि एकालाही डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते, हे तिला ठाऊक होतं. तरी त्या रांगेतून जाताना तिने पिंकीचा चेहरा खांद्यात दाबला. शेडच्या टोकाला धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकचा जाड पडदा सोडलेला होता आणि त्यापलीकडून निकेशचा आवाज येत होता.

असा आवाज तिने त्याचा कधी ऐकला नव्हता. हळू, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा.

“ती उठते. अंधारात तिला दिवा लावावा लागत नाही, पावलं पाठ आहेत. ती कडीला हात लावते. लागलेली आहे. ती परत येते. तुम्ही तिघं पाहुणे माजघरात पडलायत. तुम्हाला पैंजण ऐकू येतायत. छुन. छुन. पोर झोपेत पाय हलवतेय.”

“मग ठीक आहे,” एक बाई म्हणाली.

“ती पुन्हा उठते.”

“अरे बापरे.”

सुरभीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. टेबलावर रंगाच्या डब्यांत मध्येच चहाचे ग्लास, खडूने आखलेला घराचा नकाशा, त्यावर बोटाएवढ्या शाडूच्या बाहुल्या. रितेश, फुरकान आणि पेणला मुलांच्या शिकवण्या घेणारी ऋतुजा. तिघं पुढे वाकून बसलेले. समोर निकेश, त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे ती वही.

निकेशने कसलातरी पुष्कळ बाजूंचा फासा आडोशामागे टाकला. पाहिला. वहीत काहीतरी लिहिलं. काहीच बोलला नाही.

“काय आलं?” ऋतुजाने विचारलं. “मास्तर, काय आलं? आम्ही तर काही केलंच नाही!”

निकेशने पान उलटलं.

म्हणजे हा खेळ होता. नुसता खेळ. एकाने मास्तर होऊन गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांना भिववायचं. सुरभी पडदा बाजूला करणारच होती, तेवढ्यात फुरकान बोलला.

“मी सांगतो, ऐका. भूतबित काय नाय. त्या बाईचंच डोकं फिरलंय. कडी तीच काढते नि तीच शोधते.”

“ती का काढेल?” ऋतुजा म्हणाली.

“झोप नाय, त्यामुळे. पोर तिच्याजवळ ठेवणं धोक्याचं हाय. आपण उचलून न्यायची.”

“मला पण तसंच वाटायला लागलंय,” रितेश म्हणाला. “मास्तर, आम्ही पोर घेऊन जातो. चालेल?”

सगळे निकेशकडे बघत होते. सुरभीसुद्धा. तो नाही म्हणेल, निदान मान हलवेल, अशी ती वाट बघत राहिली. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते खेळातलं नव्हतं. सासूबाई पिंकीला न्यायचं बोलत असताना खाली बघत होता, तसाच तो खाली बघत होता.

“पैंजण थांबले,” तो म्हणाला.

पिंकीने नेमका तेव्हाच पाय झाडला. छुन छुन छुन.

ऋतुजा किंचाळली. फुरकानच्या हातातला ग्लास सुटून चहा नकाशावर सांडला, रितेश स्टुलावरून उठला तो मागच्या गणपतीवर आदळता आदळता राहिला. निकेश मात्र जागचा हलला नाही. त्याचा चेहरा मागच्या मूर्तींसारखा पांढरा झाला होता.

“कोण हाय?” रितेश ओरडला.

सुरभी पडद्यातून आत आली. “मीच आहे, भावजी.”

“वहिनी! अहो जीव घेतला असता!” रितेश छाती चोळत हसायला लागला. “बसा, बसा. तुमचा नवरा काय भिववतो माहितीये? तीन महिने झाले, ऋतुजा घरी जाऊन स्वतःच्या दाराच्या कड्या बघते.”

“खरंच बघते,” ऋतुजा म्हणाली. “तुम्ही चहा घेणार? फुरकानने सांडला त्यातला उरलाय थोडा.”

“आणि भाबी, मघाशी मी चिठ्ठीप्रमाणं बोलत होतो हां,” फुरकान घाईने म्हणाला. “मास्तर गुपचूप चिठ्ठी देतो. संशय पेरायचा म्हणून.”

“सुरभी, तू इथे कशी?” निकेशने विचारलं.

“तुमचा शेवट बघायला आले,” ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो-जाहोच करायची. “चालू द्या की. ही आई कोण खेळतं?”

“आई कोणी खेळत नाही. ती मास्तर चालवतो,” रितेश म्हणाला.

“मग आता मी खेळते.”

“तसं नाही होत, अगं, मध्येच...”

“होतं की,” ऋतुजा म्हणाली. “मास्तर, घ्या त्यांना.”

रितेशने आईची बाहुली उचलली. त्यांच्यात पद्धत होती. खेळाडू टेबलाशी बसला की मगच त्याच्या बाहुलीचे डोळे आखायचे. मोठ्या मूर्तींची आखणी करणारा रितेशचा हात तो. बारीक कुंचल्याने त्याने दोन रेघा ओढल्या, दोन ठिपके दिले आणि बाहुली सुरभीपुढे ठेवली. ओल्या काळ्या डोळ्यांची ती बाई थेट आडोशाकडे बघत होती. पिंकीला फुरकानने मांडीवर घेतलं आणि चावायला एक कोरडा फासा दिला, तो ऋतुजाने लगेच काढून घेतला.

“ती तिसऱ्यांदा उठते,” निकेशने सुरुवात केली. आवाज मघाचा नव्हता.

“नाही उठत,” सुरभी म्हणाली. “मी पडून राहते. मला एक विचारायचंय. त्या घरात रात्री अजून कोण जागं असतं?”

“आम्ही तिघं,” रितेश म्हणाला.

“तुम्ही आज आलात. कडी पहिल्यांदा निघाली तेव्हा?”

ऋतुजाने तिची चिठ्ठ्यांची चळत चाळली. “बाई, पोर आणि नवरा. पण नवरा पाळीवर होता, मास्तरने पहिल्याच दिवशी सांगितलं.”

“पाळी किती वाजता सुटते?”

हे विचारलं तेव्हा सुरभीच्या मनात काहीही नव्हतं. खरंच नव्हतं. प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मग तो तिलाच ऐकू आला. दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात निकेशची दुसरी पाळी होती. दुसरी पाळी साडेअकराला सुटते. तो बारा-सव्वाबाराला घरी येतो, झाकून ठेवलेलं जेवतो. त्या रात्री ती दहालाच झोपली होती. सगळ्यात शेवटी त्या स्वयंपाकघरात कोण होतं?

पाच महिने. पाच महिन्यांत हे एवढंसं गणित तिने मांडलं नव्हतं, कारण उत्तर आधीच कोणीतरी हातात ठेवलं होतं.

“सांग की मास्तर,” फुरकान म्हणाला, “किती वाजता सुटते?”

निकेशने फासा उचलला.

“टाकू नकोस,” सुरभी म्हणाली. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. “हे फाशावर ठरत नाही. दे इकडे.”

तिने त्याच्या हातातून फासा घेतला. आडोशावरून हात घालून वहीही घेतली, पेनही. मग हाताच्या आडोशाने फासा टाकला. पाहिला. निकेशकडे बघितलं. वहीत मागच्या पानावर सावकाश काहीतरी लिहिलं, आणि गप्प बसली.

शेडमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता.

“काय आलं?” निकेशने विचारलं.

तिने पुन्हा फासा टाकला. या वेळी जरा जास्त वेळ पाहिला. एक ओळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या.

“काय लिहितेयस?”

“आता कसं वाटतंय भाय?” फुरकान हसला. पण त्याचं हसू अर्ध्यावरच विझलं, कारण निकेशच्या कपाळावर घाम आला होता आणि सुरभीची पापणी लवत नव्हती. ऋतुजाने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

“सुरभी, घरी बोलूया.”

“मी घरी नाहीये. मी या घरात पडलेय,” तिने नकाशावर बोट ठेवलं. “माझी पोर उद्या घेऊन जाणारेत. मला फक्त एवढं सांग, मास्तर, कडी कोणी काढली?”

निकेशने आडोसा उगाचच सरळ केला. तो पडला. त्याने उचलला नाही.

“नवऱ्याने,” तो म्हणाला.

“का?”

“सिगरेट ओढायला. मागच्या पायरीवर. पोर झाल्यावर सोडली म्हणून सांगितलेली, म्हणून मागे जायचो. आत येताना... लावली नसेल. नाही लावली.”

“आणि सकाळी?”

“सकाळी पोर उंबऱ्यावर बघितली नि तोंडातून निघून गेलं, तू विसरली असशील म्हणून. मला वाटलं दोन दिवसांनी सांगेन. मग तू रात्री उठायला लागलीस. मग कसं सांगणार? मी जागाच असायचो गं. तू तिन्ही वेळा उठलीस की मी जागाच असायचो.”

“म्हणून वहीत इतकं बरोबर लिहिलंयस,” ती म्हणाली.

फुरकान पिंकीला कडेवर घेऊन “चल, तुला मोठा गणपती दाखवतो” म्हणत उठला, आणि पडद्याशी जाऊन तिथेच घुटमळत राहिला. रितेश कुंचला पुसत बसला, पुसून झालेला कुंचला.

सुरभीला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिला अंगठ्याला बसलेला चिमटा आठवत होता. कडीचा. त्याच रात्रीचा. तिचं डोकं जागेवर होतं, पहिल्यापासून होतं, आणि हे कळल्यावर राग आधी यावा की हायसं वाटावं हे ठरत नव्हतं.

“आईंना फोन लाव,” ती म्हणाली.

निकेशने लावला. “आई, उद्या येऊ नकोस. पिंकी इथंच राहील.”

“का रं? काय झालं?”

“काही नाही, असंच.”

“स्पीकर लाव. आणि का ते सांग,” सुरभी म्हणाली.

त्याने सांगितलं. टेबलाशी बसून, सगळ्यांसमोर, मान खाली घालून. मग बायजाबाई म्हणाल्या, “पाच म्हैने पोरीला येडी ठरवलीस व्हय रं? आनि माज्या तोंडून वदवलंस?” आणि थोडं थांबून, “सुरभी, हायस का गो तिथं?”

“आहे, आई,” सुरभी म्हणाली. आणि मग मात्र तिचा आवाज फुटला.

“त्याला आज जेवायला वाढू नको. मी उद्या येतेच. पोरीला न्यायला नाय, ह्याच्याशी बोलायला.”

फुरकान पडद्यापलीकडून हळूच म्हणाला, “मास्तर, आता तू संपलास.”

परतीच्या मिनीडोरमध्ये पिंकी सुरभीच्या मांडीवर झोपली. निकेश समोरच्या बाकावर, गुडघ्यावर बॅग. वही सुरभीच्या पिशवीत होती आणि ती परत देण्याचा तिचा विचार नव्हता. अजून काय काय लिहिलंय ते वाचायचं होतं. माणूस एका गोष्टीत पाच महिने गप्प बसतो, तर दुसऱ्या कुठल्या गोष्टीत बसला नसेल कशावरून? तिने माफ केलं होतं का? त्याने विचारलं नव्हतं आणि ती सांगणार नव्हती.

“तू मघाशी वहीत काय लिहिलंस?” त्याने विचारलं.

ती बाहेर बघत राहिली. तिने लिहिलं होतं ते असं: नाचणीचं सत्त्व, अंगाचा साबण, पेणहून पोह्याचे पापड दोन पाकिटं. पापडाखाली दोन रेघा.

पेणच्या नाक्यावर पापड घेताना त्याने पुन्हा विचारलं. पैसे देता देता, सहज विचारल्यासारखं.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना तो जरा वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग तिच्याजवळ येऊन बाकावर बसला, पिंकीच्या पायातला पैंजण सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाला, “सुरभी, सांग ना. काय लिहिलंस?”

तीनदा झालं. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि मोबाइल काढून नूरबानो चाचींना निरोप धाडला. कडी बघायची गरज नाही, लागलेली आहे.